तुम्ही अजून हे सगळं बघता? : एका प्रेक्षकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खेळाडू नाही, समालोचक नाही, आकडेतज्ज्ञ तर मुळीच नाही. मी बघणारा आहे. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, फॉर्म्युला वन, अधूनमधून बास्केटबॉल, आणि बाकी काहीच नसेल तर बुद्धिबळसुद्धा. ओळखीतल्या लोकांना हे ठाऊक असल्यामुळे कुठे काही वाद झाला की मला फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी सरळ हे पाठवून देईन.

कुठल्याही नव्या नियमाकडे बघताना मी दोन गोष्टी तपासतो. समोर काय चाललंय ते बघणाऱ्याला कळतंय का? आणि आज हरलो तर काही बिघडणार आहे का? बाकी मतं मी सोयीप्रमाणे बदलतो.

फुटबॉलमधलं व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारी यंत्रणा) ठेवावं की काढून टाकावं?

ठेवावं, पण तोंड उघडून.

गोल होतो, मी खुर्चीतून अर्धा उठतो आणि तेवढ्यात रेफरी कानाला बोट लावून उभा दिसतो. मग ना धड बसता येतं, ना नाचता येतं. दोन-तीन मिनिटांनी गोल मान्य झाला तरी आनंद शिळा झालेला असतो. तरीही २०२४ च्या जूनमध्ये वुल्व्हज क्लबने व्हीएआर बंद करायचा प्रस्ताव आणला, तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २० क्लबांपैकी १९ जणांनी तो फेटाळला. मत द्यायला मिळालं असतं तर मीही त्या १९ बरोबर गेलो असतो, कारण माझं भांडण यंत्राशी नाहीच. ते बंद खोलीशी आहे.

३० सप्टेंबर २०२३ चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना आठवा. लुईस डियासने गोल केला, मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरच्या खोलीत तपासलं तर डियास अगदी व्यवस्थित ऑनसाइड. पण खोलीतल्या माणसाचा समज असा की मैदानावर गोलच दिलाय. 'चेक पूर्ण,' तो म्हणाला. मैदानावरच्यांनी त्याचा अर्थ घेतला की ऑफसाइड कायम. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीत चूक उमगली, पण खेळ एकदा सुरू झाला की मागे जाता येत नाही, असा नियम. लिव्हरपूल २-१ हरलं. पुढे त्या खोलीतलं संभाषण जाहीर केलं गेलं. ते ऐकताना पोटात गोळा येतो: चित्र बरोबर, तपासणी बरोबर, माणसंही प्रामाणिक, आणि दोन शब्दांच्या घोळात गोल गेला.

हेच संभाषण त्या क्षणी सगळ्यांना ऐकू येत असतं तर? टीव्हीवर क्रिकेट बघणाऱ्याला तिसरे पंच ऐकू येतात. 'अल्ट्राएज दाखवा, एक फ्रेम मागे घ्या, थांबा.' निर्णय आवडो न आवडो, तो कसा झाला हे कळतं. रग्बीतही पंच बोलतात ते ऐकू येतं. फुटबॉलमध्ये रेफरीने माइक लावून मैदानाला निर्णय सांगायची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली ती २०२५ च्या जानेवारीत, लीग कपच्या उपांत्य सामन्यात. सामना कोणाचा? टॉटनहॅम आणि लिव्हरपूलचाच. योगायोगालाही विनोदबुद्धी असते.

चेंडू स्टंपला लागताना दिसतोय, तरी 'अंपायर्स कॉल'? हा काय न्याय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि दर वेळी विचारणारा चिडलेला असतो.

पडद्यावर दिसतो तो चेंडू घडलेला नसतो. पॅडला लागेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी पाहिलेला असतो, त्यापुढचा अंदाज असतो. अंदाजात थोडी चूक गृहीत धरावी लागते. म्हणून नियम असा, की पंचांनी नाबाद दिलं असेल तर ते फिरवायला निम्म्याहून अधिक चेंडू स्टंपच्या हद्दीत हवा. नुसता चाटून जात असेल, तर मैदानावरच्या माणसाचं म्हणणं राहतं, आणि रिव्ह्यूही वाया जात नाही. मला हा आधुनिक खेळांतला सगळ्यात प्रामाणिक नियम वाटतो. यंत्र इथे कबूल करतं की एवढ्या फरकाचं मी छातीठोक सांगू शकत नाही.

आपला संघ गोलंदाजी करत असताना मीही हे विसरतो, ती गोष्ट वेगळी.

विम्बल्डनने रेषापंच काढले, ते बरं केलं का?

निर्णयांसाठी बरं, डोळ्यांसाठी वाईट. १४७ वर्षांची प्रथा २०२५ मध्ये संपली आणि 'आउट' ओरडायचं काम यंत्राकडे गेलं. पहिल्याच वर्षी पावल्युचेंकोवा आणि सोनाय कार्तल यांच्या सामन्यात कोर्टाच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली. कार्तलचा फटका चांगलाच बाहेर पडला, यंत्र गप्प. खुर्चीतल्या पंचांच्या डोळ्यांसमोरच घडलं सगळं, पण निर्णय यंत्राचा अशी पद्धत पडल्यामुळे गुण पुन्हा खेळवला गेला. पावल्युचेंकोवा तो गेम हरली. नंतर सामना जिंकली म्हणून प्रकरण निवलं, नाहीतर वर्षभर चघळलं गेलं असतं.

यंत्र चुकलं त्याचं मला फार नाही. उंच खुर्चीत बसलेल्या माणसाला समोरचं दिसत असून बोलता आलं नाही, ते खटकलं. २०२५ मध्ये फ्रेंच ओपनने तरी माणसंच ठेवली होती. तिथे मातीवर चेंडूचा ठसा राहतो, पंच खाली उतरून वाकून तो बघतात, खेळाडू शेजारी उभा राहून हुज्जत घालतो. मला ते वाकणं बघायला आवडतं.

आयपीएलमधला इम्पॅक्ट प्लेअर?

बंद करा. २०२३ मध्ये आला तेव्हा मला गंमत वाटली होती, ती एका मोसमात संपली. नाणेफेकीला पाच राखीव नावं द्यायची आणि त्यातला एक मध्येच आत आणायचा, म्हणजे अकरांचा खेळ बारांचा झाला. आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाज असेल तर पहिल्या चेंडूपासून दांडपट्टा फिरवायला भीती कसली? २०२४ मध्ये हैदराबादने बंगळुरूविरुद्ध ३ बाद २८७ केल्या, त्याचं सगळं श्रेय या नियमाला देणार नाही, पण हवा त्याचीच होती. नुकसान झालं ते थोडी गोलंदाजी आणि थोडी फलंदाजी करणाऱ्याचं. रोहित शर्माने उघडपणे सांगितलं होतं की हा नियम त्याला आवडत नाही, अष्टपैलू खेळाडू मागे पडतील. कप्तानाचं म्हणणं बाजूला ठेवलं तरी माझं साधं गणित आहे: संघ निवडताना चूक केली तर ती अंगाशी आली पाहिजे.

एवढे सामने कोण बघतं?

मी. आणि मीही दमलोय.

लोक म्हणतात खेळाडू थकतात, आणि ते खरंच आहे. मँचेस्टर सिटीचा रॉड्री २०२४ च्या सप्टेंबरात बोलून गेला की खेळाडू संपावर जायच्या बेतात आहेत. त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि मोसमाचा बहुतेक भाग गेला. एवढ्या क्रूर वेळेवर एखाद्याचं म्हणणं खरं ठरू नये.

पण प्रेक्षकाच्या बाजूने एक वेगळी मोजदाद करून बघा. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या नव्या पद्धतीत ३६ संघ प्रत्येकी ८ सामने खेळतात, म्हणजे पहिल्या टप्प्यात १४४ सामने. ते संपल्यावर किती संघ घरी जातात? १२. पॅरिस सेंट-जर्मेन २०२४-२५ मध्ये या टप्प्यात १५वं आलं आणि मे महिन्यात इंटरला अंतिम सामन्यात ५-० असं लोळवून विजेतं झालं. संघ अप्रतिम होता, वादच नाही. पण मग शरद ऋतूतले त्यांचे पराभव मी एवढ्या तळमळीने का पाहिले?

फुटबॉल विश्वचषकाचं तेच. ३२ संघ होते तेव्हा गटातले ४८ सामने होऊन १६ संघ बाहेर पडायचे. २०२६ पासून संघ ४८, गटातले सामने ७२, आणि बाहेर पडणार पुन्हा १६च. तिसरा क्रमांक मिळवणारे आठ संघसुद्धा पुढे जातात. एकूण सामने ६४ चे १०४. सामने वाढले आणि धाकधूक होती तेवढीच राहिली, म्हणजे ती पातळ झाली.

आता माझ्याच विरोधात एक साक्ष देतो. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री चॅम्पियन्स लीगच्या त्या टप्प्याचे शेवटचे १८ सामने एकाच वेळी झाले. एका पडद्यावर एक सामना, फोनवर दुसरा, आणि मधल्या मध्ये गुणतक्ता सतत हलतोय. त्या रात्रीइतकी मजा मला जुन्या पद्धतीच्या गटसामन्यांत फार थोड्या वेळा आली असेल. म्हणजे पद्धत मुळात वाईट नाही. आधीच्या सात फेऱ्यांत तिचं पोट सुटलंय.

कसोटी क्रिकेट मरतंय ना?

हे मी लहानपणापासून ऐकतोय.

४ ऑगस्ट २०२५, ओव्हल. भारत-इंग्लंड मालिकेचा पाचवा सामना, पाचवा दिवस. इंग्लंडला ३५ धावा हव्यात, हातात चार विकेट. आधीचे चारही सामने पाचव्या दिवसापर्यंत गेलेले. नववी विकेट पडली तेव्हा १७ धावा राहिल्या होत्या आणि पॅव्हेलियनमधून ख्रिस वोक्स उतरला. डावा खांदा निखळलेला, हात झोळीत बांधलेला, वरून स्वेटर चढवलेला, त्यामुळे एक बाही रिकामी लोंबत होती. बॅट उजव्या हातात. त्याने एकही चेंडू खेळला नाही. ॲटकिन्सनला स्ट्राइक ठेवायची म्हणून तो फक्त पळाला, आणि प्रत्येक पावलागणिक त्याचा चेहरा पिळवटत होता. मी भारताच्या बाजूचा, मला ती विकेट हवीच होती, तरी त्या वेळी पुटपुटलो, 'अरे, हळू पळ.' मग सिराजचा यॉर्कर, ऑफ स्टंप उडाला, भारत ६ धावांनी जिंकला, मालिका २-२.

विसाव्या षटकात संपणाऱ्या खेळात हे जमायचं नाही. पंचवीस दिवसांची उधारी त्या एका तासात वसूल झाली.

तेव्हा कसोटी मरत नाहीये, ती काही देशांपुरती आक्रसतेय. दक्षिण आफ्रिकेने २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडला पाठवलेल्या संघात एकही कसोटी न खेळलेले सात जण होते, कप्तानासकट. मुख्य खेळाडू त्या वेळी घरच्या टी-ट्वेंटी लीगमध्ये अडकले होते. तोच देश पुढच्या वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून जागतिक कसोटी विजेता झाला. मार्करम १३६, आणि स्नायू दुखावलेला बवुमा लंगडत दुसऱ्या टोकाला.

मग कसोटीचे दोन स्तर केले तर? वरचे वरच्यांशी, खालचे खालच्यांशी.

नको. जानेवारी २०२४ मध्ये वेस्ट इंडीजने ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाला ८ धावांनी हरवलं. शमार जोसेफ, कारकिर्दीतली दुसरी कसोटी, आदल्या दिवशी पायाच्या बोटावर यॉर्कर बसलेला, त्याने ६८ धावांत ७ बळी घेतले. दोन स्तर असते तर वेस्ट इंडीज तिथे पोचलंच नसतं आणि तो मुलगा कोण हे आपल्याला कळायला आणखी चार वर्षं गेली असती. मोठ्यांना मोठ्यांशीच खेळवायचं हा तिजोरीच्या दृष्टीने उत्तम विचार आहे. मला तिजोरी बघायची नसते.

आजकालच्या खेळाडूंना निष्ठा कुठे राहिलीय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी लुका डॉन्सिचचं नाव सांगतो.

२०२४ मध्ये त्याने डॅलसच्या संघाला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेत नेलं. वय २५. शहर त्याच्यावर फिदा. २०२५ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री उशिरा बातमी आली की त्याला लेकर्स संघाला देऊन टाकलंय आणि बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस आलाय. सुरुवातीला लोकांना वाटलं बातमी देणाऱ्याचं खातं कोणीतरी पळवलंय. खुद्द डॉन्सिचला कल्पना नव्हती. चाहत्यांनी मैदानाबाहेर निदर्शनं केली, आणि नंतरचे कित्येक महिने सामन्यात फ्री थ्रोच्या शांततेतही व्यवस्थापक निको हॅरिसनला काढा अशा घोषणा व्हायच्या. मे महिन्यात जेमतेम १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातली, पहिली निवड लागली, कूपर फ्लॅग मिळाला, तरी घोषणा थांबल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये हॅरिसनला काढलं.

खेळाडू क्लब सोडतो तेव्हा तो गद्दार. क्लब खेळाडूला रात्रीतून विकतो तेव्हा तो 'व्यवहार'. शब्दांची ही वाटणी मालकांनी केलीय आणि आपण ती बिनबोभाट वापरतो.

पण एवढे पैसे? बेसबॉलवाल्या शोहेई ओहतानीला ७० कोटी डॉलर?

त्यातले ६८ कोटी त्याने करार संपल्यावर घ्यायचं मान्य केलंय, म्हणजे त्याच्याइतकी सबुरी माझ्यात नाही. पैसा आपल्याच तिकिटांतून आणि वर्गणीतून येतो. तो कोणाच्या तरी खिशात जाणारच, तर चेंडू मारणाऱ्याच्या जावा.

पैसेवाले क्लब नियम वाकवतात आणि लहानांना शिक्षा होते, खरं का?

शिक्षा होते, पण तिचा वेग प्रत्येकासाठी वेगळा असतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये एव्हर्टनने तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून २०२३-२४ च्या मोसमात त्यांचे १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, मग दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे त्याच मोसमात ४. खालच्या संघांना प्रत्येक शनिवारी आपण नक्की कितवे हे वकिलांना विचारावं लागत होतं. मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि सुनावणी उभी राहायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. सिटी दोषी की निर्दोष, त्यात मी पडत नाही. पण एकाचा निकाल चालू मोसमात आणि दुसऱ्याच्या कागदांचा ढीग मोसमामागून मोसम वाढत गेला, हे बघणाऱ्याला न्यायासारखं दिसत नाही.

आणि क्रिस्टल पॅलेसचं काय सांगू. १७ मे २०२५ ला सिटीला १-० हरवून त्यांनी एफए कप जिंकला, क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. त्यामुळे युरोपा लीगची जागा. मग युएफाने, म्हणजे युरोपियन फुटबॉलच्या संघटनेने, सांगितलं की पॅलेस आणि फ्रान्सचा लिऑं या दोन्ही क्लबांत एकाच माणसाचा हिस्सा आहे, आणि मालकीची घडी १ मार्चपर्यंत बसवायला हवी होती. तुम्ही त्याखालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये जा. क्रीडा लवादानेही तेच कायम ठेवलं. मैदानावर मिळवलेली जागा कार्यालयात गेली, तीही चाहत्यांनी कधी न निवडलेल्या मालकामुळे. नियम वाचला, नियम योग्य आहे. तरी दोन दिवस मला चैन पडली नाही, आणि मी पॅलेसचा चाहतादेखील नाही.

फॉर्म्युला वनमध्ये नॉरिस खरा विजेता की त्याच्या मॅक्लारेन संघाने बनवलेला?

खरा. पण हे गणित डोक्यातून जात नाही: २०२५ मध्ये नॉरिसचे ४२३ गुण, दुसऱ्या आलेल्या व्हर्स्टापेनचे ४२१. मोंझाच्या शर्यतीत नॉरिसचा पिट स्टॉप (टायर बदलायचा थांबा) रखडला, तो सहकारी पियास्ट्रीच्या मागे पडला, आणि संघाने पियास्ट्रीला सांगितलं की जागा परत दे. त्याने दिली. दुसऱ्या क्रमांकाचे १८, तिसऱ्याचे १५. बाकी सगळं तसंच घडलं असतं आणि ती जागा परत मिळाली नसती, तर नॉरिस ४२० वर थांबला असता. बाकी सगळं तसंच घडत नसतं, हे मला माहीत आहे. तरी पियास्ट्रीला हे गणित रात्री आठवत असेल.

बेटिंगच्या जाहिरातींचा एवढा राग का? कोणी जबरदस्ती करत नाही.

राग जाहिरातीचा नाही, संशयाचा आहे. पूर्वी पैज लागायची कोण जिंकणार यावर. आता अमुक खेळाडू इतक्यापेक्षा कमी गुण करेल का, यावर लागते, आणि कमी करणं कोणालाही जमतं. टोरंटोचा बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर मार्च २०२४ मध्ये एका सामन्यात तीनेक मिनिटं खेळून बरं नाही म्हणून बाहेर गेला. त्याच्या आकड्यांवर आधीच मोठी पैज लागलेली होती. एनबीएने त्याच्यावर आजीवन बंदी घातली.

तेव्हापासून कोणी झेल सोडला, नो-बॉल टाकला, दुखापत झाली म्हणून लंगडत बाहेर गेला, की मनात पाल चुकचुकते. बहुतेक वेळा तो बिचारा खरंच लंगडत असतो. मला त्याचं वाईट वाटायला हवं आणि मी त्याच्याकडे संशयाने बघतोय, हे माझं नुकसान कुठल्या कायद्याने भरून निघणार? भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाचं नाव न लावता उतरला. जर्सी किती छान दिसत होती!

महिलांचे सामने बघता का?

हो. हा प्रश्न पुरुषांच्या सामन्यांबद्दल मला कोणी विचारत नाही.

२०२५ च्या क्रिकेट विश्वचषकात भारतीय संघ ओळीने तीन सामने हरला होता, तेव्हा मला फोन करून 'तुम्हीच बघत बसा' म्हणणारे लोक उपांत्य सामन्यात अचानक तज्ज्ञ झाले. ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं लक्ष्य, जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय, शफाली वर्मा ८७ आणि दोन बळी, दीप्ती शर्मा ५ बळी. शफाली मुळात संघातच नव्हती, प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून उपांत्य फेरीच्या तोंडावर बोलावली होती. त्या स्पर्धेची बक्षिसाची रक्कम २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकापेक्षा जास्त होती. सुरुवातीच्या दोन कसोट्यांवर, म्हणजे कळतंय का आणि बिघडतंय का, ही स्पर्धा त्या वर्षी मी पाहिलेल्या सगळ्यांत वर.

बुद्धिबळात जीन्सवरून भांडण झालं म्हणे?

झालं. डिसेंबर २०२४, न्यूयॉर्क, जागतिक जलद स्पर्धा. कार्लसन जीन्स घालून आला, २०० डॉलर दंड, बदल म्हणाले, तो निघून गेला. मग नियम सैल झाला आणि परत आला. मी कार्लसनच्या बाजूचा. पटाखाली कोणी बघत नाही.

सर्वकालीन श्रेष्ठ कोण?

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. फोन ठेवतो.

शेवटी चाहत्यांच्या हातात असतं तरी काय?

वाटतं त्यापेक्षा जास्त. २०२१ च्या एप्रिलमध्ये १२ श्रीमंत क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली. रविवारी घोषणा, मंगळवारी रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर, कारण लोक रस्त्यावर आले. जर्मनीत लीगचा हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं ठरत होतं, तर २०२३-२४ च्या हिवाळ्यात प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकायला सुरुवात केली. एकदा तर रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या धूर सोडत मैदानात फिरल्या. सामने अर्धा-अर्धा तास थांबले. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो बेत गुंडाळला. तिथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मताधिकार सभासदांकडे असतो, म्हणून ओरडण्याला वजन आहे. बाकी ठिकाणी आपण ओरडतो आणि मालक ते 'वातावरण' म्हणून जाहिरातीत वापरतो.

आणि एक तारीख आहे जिच्याबद्दल मला नीट बोलता येत नाही. ४ जून २०२५. बंगळुरूचा संघ १८व्या मोसमात पहिल्यांदा आयपीएल जिंकला, दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. ते फक्त चषक बघायला आले होते. त्यानंतर कोणी 'चाहते हाच आमचा श्वास' असं काही म्हणालं की मी टीव्हीचा आवाज बंद करतो. आधी दारं मोजा, गर्दी मोजा.

सामना चालू असताना फोन केला तर चालेल का?

टेनिस असेल तर खेळाडू बाजू बदलताना करा. क्रिकेट असेल तर षटक संपल्यावर. फुटबॉल असेल तर व्हीएआरचं चालू असताना करा, निवांत बोलता येईल.